29 की 27.5? चाकं मागवण्याआधी टायरवरचा आकडा वाचा

"माझ्या सायकलला 29 ची चाकं बसतील ना?" आमच्या दुकानात शनिवार-रविवारी सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा खोकं असतं, म्हणजे चाकं आधीच मागवून झालेली असतात. मग "नाही बसणार" हे सांगताना आम्हालाही जड जातं. पैसे अडकतात, टायर एकदा रिमवर चढला की विकणारा परत घेत नाही, आणि तुमचा रविवार वाया जातो. म्हणून हे पत्रक छापलं आहे. माउंटन बाइक वापरणाऱ्या प्रत्येकाने ते खोकं मागवण्याच्या आधी वाचावं.

सगळा घोळ आकड्यांचा आहे. आजोबांच्या काळातली "बावीसची" किंवा "चोवीसची" सायकल आठवते? तो आकडा फ्रेमचा होता, चाकं 28 ची असायची. लहान मुलांची "20 ची", "24 ची" सायकल म्हणतो तो आकडा मात्र चाकाचा. आता माउंटन बाइकवर दोन्ही आकडे येतात आणि दोन्ही इंचात: फ्रेम 15, 17, 19 आणि चाक 26, 27.5, 29. फोनवर "मोठ्या साइजची दाखवा" असं कुणी म्हणालं की फ्रेम मोठी हवी की चाक मोठं, हे आम्हाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्यालाही बरेचदा ठाऊक नसतं.

इंचाचा आकडा तसाही अंदाजाचा असतो. खरा आकडा टायरच्या बाजूला उठावात छापलेला असतो, 54-584 अशा धाटणीचा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 26 च्या माउंटन बाइकला तो 559 असतो, 27.5 ला 584, 29 ला 622. 27.5 हे नाव ऐकून ते 26 आणि 29 च्या बरोबर मध्ये असेल असं वाटतं. तसं नाही. 26 पासून ते फक्त 25 मिलिमीटर लांब आहे आणि 29 पासून 38. रोड सायकलचं 700C म्हणतात ते चाकही 622 च. आणि 26 × 1 3/8 लिहिलेला लेडीज सायकलचा टायर 590 चा, तो 26 च्या माउंटन बाइकवर कधीच बसणार नाही. दर महिन्याला कुणीतरी तो घेऊन येतंच.

29 ची चाकं 27.5 च्या फ्रेमला का बसत नाहीत

मागच्या पावसाळ्याआधी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक मुलगा 29 ची दोन चाकं टायरसकट घेऊन आला. सायकल 27.5 ची, डिस्क ब्रेकची. आम्ही नाही म्हटलं, पण तो म्हणाला, "काका, एकदा लावून तर बघा." लावलं. एक्सल जागेवर गेला, मागचं चाक अर्धं फिरलं आणि टायर चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, मधल्या आडव्या दांड्याला घासून थांबला. हवा काढून पाहिली, तरी मध्ये पाच रुपयांचं नाणं सरकत नव्हतं. आम्ही टायर आणि फ्रेममध्ये चहूबाजूंनी किमान 6 मिलिमीटर मोकळी जागा धरतो. पावसात येऊरच्या टेकडीवरची लाल माती टायरला चिकटली की ती फट बघता बघता भरते, आणि उतारावर मागचं चाक अचानक जाम होणं म्हणजे पडणं आलंच.

समजा घासलं नाही, कसंबसं बसलं. तरी सायकल तीच राहत नाही. चाकाची त्रिज्या 19 मिलिमीटरने वाढते, म्हणजे बीबी (पॅडलचा आस जिथे फिरतो तो भाग) आणि त्यासोबत तुमचं सगळं वजन तेवढं वर जातं. वळणावर सायकल कलवताना ते लगेच जाणवतं. 2.2 चा टायर धरला तर चाकाचा घेर साडेपाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तुमचा प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. चढाला जो सर्वात हलका गिअर तुम्हाला तारत होता, तोच आता पायाला बोचतो. जुनी व्ही-ब्रेकची, म्हणजे रिमला रबर दाबून थांबणारी, सायकल असेल तर ब्रेकचा रबर रिमपर्यंत पोचतच नाही. आणि हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचा भाग? जुन्या फ्रेममध्ये मागच्या हबला 135 मिलिमीटर जागा असते, आताच्या बऱ्याच चाकांचे हब 148 चे आणि जाड थ्रू-एक्सलचे (फ्रेममधून आरपार जाणाऱ्या एक्सलचे) येतात. फ्रेम ताणून ते बसवून द्या असं आम्हाला सांगू नका. ॲल्युमिनियमची फ्रेम ताणायची नसते. काही ठिकाणी करून देतात हे ठाऊक आहे. आम्ही देत नाही, आणि त्यामुळे एखादं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मग घ्यावं कोणतं

चाक फ्रेमसोबत निवडायचं असतं, म्हणजे नवी सायकल घेतानाच. तेव्हा कुणाचं ऐकायचं? आमच्याकडे येणाऱ्यांचीच मतं सांगतो, कारण ती रस्ता वापरून बनलेली आहेत.

उपवन तलावापासून येऊर चढणारे बहुतेक जण आता 29 च्या बाजूने बोलतात. मोठं चाक दगडावर आणि मुळावर कमी अडतं, खड्ड्यात कमी बुडतं आणि एकदा धरलेला वेग टिकवून ठेवतं. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात रोज जाणाऱ्यांचंही हेच म्हणणं. उलट खारघरच्या टेकडीवर वळणावळणाने उतरणाऱ्या दोघातिघांनी 29 वापरून परत 27.5 घेतली. त्यांना सायकल चटकन वळायला हवी, थांबून पुन्हा जोर लावला की लगेच उचलायला हवी. दोघांचंही बरोबर आहे. आमचा कल विचाराल तर: मध्यम किंवा मोठी फ्रेम बसत असेल आणि रस्ता मिश्र असेल तर 29.

हा वाद आपल्याकडचाच आहे असं समजू नका. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत यारोस्लाव कुलहावीने 29 वर सुवर्ण जिंकलं आणि निनो शुर्टर 27.5 वर अगदी एका सेकंदाच्या फरकाने दुसरा आला. चार वर्षांनी रिओला शुर्टरने सुवर्ण मिळवलं तेव्हा त्याच्या सायकललाही 29 ची चाकं होती. उतारावरच्या शर्यतींत आता पुढे 29 आणि मागे 27.5 असंही चालतं, 2019 पासून नियमांत त्याला मुभा आहे. पण त्या फ्रेम तशाच बनवलेल्या असतात, घरी जुळवलेल्या नसतात.

"माझी उंची साडेपाच फूट, मला 29 झेपेल का?" झेपेल. ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉक जेमतेम 5 फूट 7 इंच उंच आहे आणि टोकियो ऑलिंपिकचं क्रॉस-कंट्री सुवर्ण त्याने 29 वरच घेतलं. मात्र उंची 5 फूट 2 इंचांच्या खाली असेल तर आम्ही स्वतःहून 27.5 काढून दाखवतो. लहान फ्रेमला मोठं चाक लावलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागू शकतं. कंपन्याही हे जाणून आहेत. ट्रेक कंपनीच्या मार्लिन सायकलीत लहान फ्रेमना 27.5 ची चाकं येतात, मोठ्यांना 29 ची. चौदा वर्षांच्या मुलासाठी "वाढत्या अंगाची" सायकल मागणाऱ्या आईवडिलांना एकच विनंती: दांडा पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांडा आणि अंगामध्ये दोन इंच मोकळे हवेत. ते नसतील तर मुलगा सायकलला घाबरेल आणि ती गॅलरीत पडून राहील.

पाम बीच रोडवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. नेरूळ-वाशीहून "27.5 जड चालते, 29 करून द्या" अशी तक्रार येते. त्यातल्या बहुतेक सायकलींचं दुखणं चाकाच्या आकारात नसतं. टायर जाड गुठळ्यांचा असतो आणि हवा 20 पीएसआयवर आलेली असते. सपाट डांबरी रस्त्याला त्याच रिमवर कमी गुठळ्यांचा टायर चढवला आणि टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरली की फरक पहिल्या दोनशे मीटरमध्ये कळतो. असे 584 आणि 622 चे टायर आम्ही कायम ठेवतो. चाकांच्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

26 ची जुनी सायकल असेल तर ती भंगारात काढू नका. 559 चे टायर-ट्यूब मिळतात, आम्ही स्पोक कापून नवी रिमही बांधून देतो. खाडीच्या हवेने निपल (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या चकत्या-नट) गंजले असतील तर आउट काढण्याआधी, म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढण्याआधी, ते बदलावे लागतात, म्हणून एक दिवस जास्त लागतो. त्याची घाई करू नका.

येताना

टायर किंवा ट्यूब हवी असेल तर टायरच्या बाजूच्या आकड्याचा फोटो पाठवा. धूळ पुसून, आकडा वाचता येईल असा. "रेंजर सायकल आहे, बसेल ती द्या" यावर आम्ही काहीही देत नाही, कारण चुकीची ट्यूब दिली तर पंक्चर होऊन तुम्हीच वाटेत अडकाल. चाकं मागवायची असतील तर आधी सायकल घेऊन या. हबची जागा आणि चिमट्यातली फट मोजायला वीस मिनिटं लागतात. मोजणीचे दोनशे रुपये घेतो आणि आमच्याकडून काही घेतलंत तर बिलातून वजा करतो. काहींना हे पैसे खटकतात. पण आमचा माणूस तेवढा वेळ दुसऱ्या कामावर नसतो, आणि या दोनशे रुपयांनी अनेकांचे हजारो वाचले आहेत.

नवी घेणाऱ्यांसाठी दोन ट्रायल सायकली ठेवल्या आहेत, एक 27.5 आणि एक 29. फ्रेम दोन्हींची मध्यम, टायरची नक्षी एक आणि हवाही सारखीच, म्हणजे फरक कळला तर तो चाकाचाच असेल. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ. उपवनच्या बाजूने चढावर अर्धा किलोमीटर जा, गतिरोधक आणि रस्त्याकडेचे खडे मुद्दाम चाकाखाली घ्या, परत या आणि दुसरी घेऊन तेच करा. जंगलातल्या पायवाटांवर ट्रायल सायकल न्यायची नाही, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हेल्मेट तुमचं आणा. पाऊस असेल तर आदल्या रात्री फोन करा.