खोक्यावरील वयाचा आकडा आणि हिंसक गेमचे प्रकाशन

परदेशात जाहीर झालेला एखादा हिंसक गेम ठरल्या तारखेला का आला नाही, किंवा आला तरी त्यातली काही दृश्ये का गाळली गेली, असे आमच्या दुकानात वरचेवर विचारले जाते. पुष्कळदा त्यामागे वयोगटाचे मानांकन, म्हणजे गेम कोणत्या वयापासून योग्य हे सांगणारा शेरा, असतो.

अमेरिकेत हे मानांकन ‘ईएसआरबी’ ही गेम उद्योगानेच १९९४ मध्ये स्थापन केलेली संस्था देते. ते कायद्याने सक्तीचे नाही. अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तरीही या मानांकनाचा वचक मोठा आहे. २००७ मध्ये रॉकस्टार या गेम कंपनीच्या ‘मॅनहंट २’ला आधी ‘केवल प्रौढांसाठी’ हा शेरा मिळाला, आणि अशा शेऱ्याचे गेम सोनी व निन्टेन्डो आपल्या कन्सोलवर (गेम खेळण्याच्या यंत्रावर) येऊच देत नसल्यामुळे कंपनीला जुलैमधील प्रकाशन थांबवावे लागले. हत्येची दृश्ये धूसर केल्यावर १७ वर्षांवरील वयोगटाचे मानांकन मिळाले आणि गेम ऑक्टोबरअखेर बाजारात आला. ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने मूळ आवृत्ती नाकारली, सुधारित आवृत्तीही नाकारली, आणि अपील व न्यायालय असा फेरा पूर्ण होऊन तो तेथे विक्रीस येईपर्यंत २००८ चा ऑक्टोबर उजाडला.

ऑस्ट्रेलियातील अडचण वेगळी, आणि आमच्या मते काहीशी विचित्र होती. तेथे २०१२ अखेरपर्यंत गेमसाठी १८ वर्षांवरील वर्गच नव्हता. त्यामुळे १५ वर्षांच्या मर्यादेत न बसणारा गेम प्रौढांनाही विकता येत नसे. ‘लेफ्ट फोर डेड २’ २००९ मध्ये तेथे काटछाट करूनच आला.

भारतात डिस्कवरील गेमना विक्रीपूर्वी प्रमाणपत्र देणारे, चित्रपटांच्या सेन्सॉर बोर्डासारखे मंडळ नाही. म्हणून येथे मिळणाऱ्या खोक्यांवर बहुधा युरोपातील ‘पेगी’ या मानांकन पद्धतीचा ३, ७, १२, १६ किंवा १८ हा आकडा अथवा ‘ईएसआरबी’चे अक्षर दिसते. हा आकडा गेम किती अवघड आहे ते सांगत नाही; तसा गैरसमज पालकांत फार आढळतो म्हणून मुद्दाम नमूद करतो. ‘पेगी’च्या खोक्यामागे मुठीचे चित्र असेल तर त्यात हिंसा आहे असे समजावे. ऑनलाइन खेळताना अनोळखी खेळाडू काय बोलतील, याची हमी मात्र कोणतेही मानांकन देत नाही.

१८ आकड्याची डिस्क आम्ही केवळ प्रौढ ग्राहकालाच देतो, मग मुलाने ‘सगळे मित्र खेळतात’ असे कितीही सांगितले तरी. हा आमच्या दुकानाचा नियम आहे. वेष्टण फोडलेली डिस्क वयाच्या कारणावरून परत घेतली जात नाही. तेव्हा पैसे देण्यापूर्वी खोक्याच्या दोन्ही बाजू पाहून घ्याव्यात, ही विनंती.