घरी कोणती भाषा बोलता? अमेरिकी जनगणनेतल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

इंग्रजी बोलता येते का, हे अमेरिकेच्या जनगणनेने पहिल्यांदा विचारले १८९० मध्ये. १९१० मध्ये मातृभाषाही विचारायचे ठरले, कारण ‘जन्म रशियात’ एवढ्यावरून माणूस पोलिश की ज्यू, हे कळत नव्हते. पण निर्णय होईपर्यंत तक्ते छापून झाले होते. मग प्रगणकांनी जन्मदेशाच्या रकान्यातच भाषा बसवली. त्या जुन्या पानांवर ‘रशिया-यिडिश’ (यिडिश ही ज्यूंची भाषा) अशा नोंदी दाटीवाटीने लिहिलेल्या दिसतात.

पुढे १९५० मध्ये हा प्रश्न गळलाच. १९७० मध्ये विचारले ते लहानपणी घरी कोणती भाषा होती एवढेच. आज या माणसाला दवाखान्यात दुभाषा लागेल का, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

चित्र बदलले ते हक्कांच्या लढ्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुले कुठल्याही जादा मदतीविना वर्गात बसत होती. १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नागरी हक्क कायद्याचा भंग ठरवला. पुढच्याच वर्षी मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि काही भाषागटांची वस्ती मोठी असेल तिथे त्यांच्या भाषेत मतपत्रिका देणे बंधनकारक झाले. आता वस्तीवस्तीचे आकडे लागणारच होते.

म्हणून १९८० पासून तीन प्रश्न एकत्र आले: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येते? शेवटच्याला पर्याय चार: ‘फार चांगले’, ‘चांगले’, ‘फारसे नाही’, ‘अजिबात नाही’. ‘चांगले’ म्हणणाराही सरकारी हिशेबात इंग्रजी कमी येणाऱ्यांतच धरला जातो. मला हे योग्यच वाटते. दुकानात दोन वाक्ये बोलणे वेगळे आणि शस्त्रक्रियेचे संमतिपत्र समजून सही करणे वेगळे. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारे १९८० मध्ये २ कोटी ३१ लाख होते, २०१९ मध्ये ६ कोटी ७८ लाख.

२००५ पासून हे प्रश्न दरवर्षी ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या जनगणना खात्याच्या नमुना पाहणीत विचारले जातात. या पाहणीच्या दरवर्षीच्या तक्त्यांत मराठीचे नाव आले ते २०१६ पासून, तेही ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’ अशा सामायिक रकान्यात. घरातल्या सगळ्यांचा अर्ज बहुधा एकच जण भरतो. भारतातून आलेल्या आईचा मुक्काम दोन महिन्यांहून जास्त असेल तर तिचीही नोंद त्यात होते. तिला इंग्रजी ‘फार चांगले’ येते असे मुलाने मायेपोटी लिहिले, तर मदत लागणाऱ्यांतून एक माणूस कमी होतो. त्या रकान्यात खरे तेच लिहावे, ही कळकळीची विनंती.

सरकारी सेवा इंग्रजी कमी येणाऱ्यांपर्यंत पोहोचाव्यात, असा आदेश अध्यक्ष क्लिंटन यांनी २००० मध्ये काढला होता. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना तो रद्द झाला. मतपत्रिकांची तरतूद मात्र काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यातली आहे आणि तिची मुदत २०३२ पर्यंत आहे.