ऑप मॅप

ऑप मॅप : संगणकावरच्या बहुखेळाडू नेमबाजी खेळांतला, केवळ दुर्बिणीच्या बंदुकीने खेळण्यासाठी बांधलेला नकाशा. काउंटर-स्ट्राइक या खेळातल्या ए. डब्ल्यू. पी. या बंदुकीला खेळणारे ‘ऑप’ म्हणतात, त्यावरून हे नाव. ‘एडब्ल्यूपी_मॅप’, ‘एडब्ल्यूपी_इंडिया’ ही याची परिचित उदाहरणे. इथे बॉम्ब नाही, ओलीस नाहीत; पोलीस आणि अतिरेकी असे दोन संघ समोरासमोर, मधे उघडे मैदान. पुढचे आकडे 1.6 या आवृत्तीचे आहेत (2003).

ऑपच्या मॅगझिनमध्ये 10 गोळ्या असतात आणि गोळीचा मूळ मार 115 असतो. डोके, छाती, पोट, हात, कुठेही लागली तरी खेळाडूचा 100चा पूर्ण जीव संपतो. पायाला मात्र जवळून सुमारे 86च जातात, म्हणून आडोशाखालून पाय दिसले तर लगेच झाडू नये. ऑप घेऊन पळण्याचा वेग सेकंदाला 210 एकक (एकक म्हणजे खेळातले अंतराचे माप), दुर्बीण लावल्यावर 150, चाकू हातात असताना 250. गोळी सुटली की चाकू काढून आडोसा बदलायचा, तो यासाठी. पळता पळता झाडलेली गोळी कुठेही जाते. आधी थांबावे, मग झाडावे. दुर्बीण न लावता नेम धरणे हा निव्वळ जुगार.

नकाशा हॅमर या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधतात. नवख्याला वाटते, मैदान जितके लांब तितका ऑप मॅप चांगला. तसे नसते. नजर कुठे अडते यावर सगळे ठरते. बेळगावचा भुईकोट किल्ला नमुना म्हणून घेतला तर खंदक मधे येऊन दोन बाजू आपोआप वेगळ्या होतात, पण तटावरचा संघ खालच्याला डोके वर काढू देत नाही. येळ्ळूरचा राजहंसगड तर त्याहून एकतर्फी. उंची द्यायचीच तर दोन्ही बाजूंना सारखी द्यावी.

उभा खेळाडू 72 एकक उंच, बसलेला 36. उभ्याचे डोळे जमिनीपासून 53वर. म्हणून 48 एककांची भिंत नेमकी बसते : बसले की झाकले, उठले की दिसते आणि झाडताही येते. 64ची भिंत घातली की मागचा आंधळा होतो. लाकडी खोक्यातून ऑपची गोळी आरपार जाते. खोके म्हणजे आडोसा नव्हे, हे खेळणाऱ्यांना दोनदा मेल्यावर कळते. मधे एखादी जाड आडवी भिंत हवीच. तिच्यामुळे सगळ्यांना सगळे दिसत नाही, आणि जुन्या संगणकावर एकदम सगळा नकाशा रंगवण्याचा भारही कमी होतो.

चुका ठराविक असतात. फेरीच्या सुरुवातीला खेळाडू उतरण्याच्या जागा हॅमरमध्ये नावाने ठेवतात : पोलिसांची जागा ‘इन्फो_प्लेअर_स्टार्ट’, अतिरेक्यांची ‘इन्फो_प्लेअर_डेथमॅच’. नावे फसवी असल्याने हमखास उलटी लागतात. जागा खेळाडूंपेक्षा कमी पडल्या तर नवा खेळाडू आधीच्याच्या अंगावर उतरतो आणि खालचा मरतो. बंदुकीसाठी प्रत्येक जागेपुढे एक ‘आर्मरी_एंटिटी’ (उचलता येणारी बंदूक) ठेवावी. ‘इन्फो_मॅप_पॅरामीटर्स’ या नकाशाच्या नियमांत बंदुकांची खरेदी दोघांनाही बंद करावी, नाहीतर कोणीतरी मशीनगन विकत घेतो. भिंत आणि आकाश यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी ‘लीक’ (गळती) येते, कुठून काय दिसते याची आकडेमोड होत नाही आणि खेळ अडखळतो.

लॅनवर, म्हणजे केबलीने जोडलेल्या संगणकांवर, लावताना एक संगणक सर्व्हर (खेळ चालवणारा मुख्य संगणक) करावा. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) सहसा 27015. नकाशाची फाइल सगळ्यांच्या ‘सीस्ट्राइक’ फोल्डरमधल्या ‘मॅप्स’मध्ये एकच हवी. नाव तेच पण प्रत वेगळी असेल तर ‘तुमचा नकाशा सर्व्हरपेक्षा वेगळा आहे’ अशा अर्थाचा संदेश येऊन खेळाडू बाहेर पडतो. पेनड्राइव्हवरून सर्वांना तीच फाइल द्यावी, हा सोपा उपाय. फेरी 2 मिनिटांची पुरे. त्याहून लांबली की दोघे उरलेले भिंतीमागे बसून राहतात आणि मेलेले आठ जण ओरडत बसतात.

ओरडण्याची सीमाभागात एक खास अडचण आहे. एकाच संघात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे असतात. कन्नड खेळाडू ‘मेले!’ ओरडतो, म्हणजे ‘वर!’, मराठी गडी समजतो समोरचे मेले, आणि निवांत उठून उभा राहतो. म्हणून दिशा सांगण्याऐवजी भिंतींना रंग द्यावेत आणि ‘लाल’, ‘निळा’ एवढेच ओरडावे असे ठरवून घेतलेले बरे. नकाशा बांधणाऱ्याने भिंतींचा पोत (वरचे चित्र) निवडतानाच ही सोय करून ठेवावी.

बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. संगणकांना यूपीएस असतो, पण सगळ्या केबली जिथे जुळतात तो छोटा नेटवर्क स्विच साध्या सॉकेटवर राहतो. वीज गेली की पडदे चालूच राहतात आणि सगळे एकदम सर्व्हरवरून तुटतात. नकाशाला दोष देण्याआधी त्या स्विचची वायर कुठे लावली आहे ते पाहावे.