बेसबॉलची कोणती गेम नेऊ? कन्सोल भाड्यानं नेणाऱ्यांसाठी आमच्याकडून थोडी माहिती

नमस्कार मंडळी. नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या दुकानातून तुम्ही पीएसफोर, पीएसफाइव्ह शनिवारी नेता अन् सोमवारी आणून देता, त्यात बहुतेक जण फुटबॉल मागतात, क्रिकेट मागतात, नाहीतर मारामारी. पण आजकाल ओहतानी या जपानी बेसबॉल प्लेयरचे रील पाहून बेसबॉल विचारणारे पोट्टे वाढले आहेत, अन् त्यातले बरेच दुसऱ्याच दिवशी "भाऊ, बदलून द्या ना, जमूनच नाही राहिली" म्हणत काउंटरवर उभे. डिस्क ठीक असते, रिमोट ठीक असते, फक्त ज्या घरात जायला पाहिजे होती ती गेम तिथं गेली नाही एवढंच. दर वेळी तेच तेच तोंडी सांगून घसा बसला म्हणून हा कागद छापला, कन्सोलच्या बॅगेतच टाकून देतो.

दुकानात बेसबॉलच्या दोनच गेम आहेत. एक 'एमएलबी द शो', दुसरी 'सुपर मेगा बेसबॉल 4'. ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचा: सोफ्यावर दोघं-तिघं मिळून कल्ला करायचा असेल तं सुपर मेगा न्या, अन् एकटेच रात्री दोन वाजेपर्यंत पंखा लावून बसणारे असाल तं द शो न्या. बाकीच्यांनी पुढं वाचा.

आधी बेसबॉल म्हणजे काय ते, कारण खरी गडबड इथंच होते

आपण जामठ्याला मॅच पाहणारे लोक, विदर्भानं रणजी जिंकली तं गाड्या काढणारे, त्यामुळं बॅट हातात आली की डोक्यात क्रिकेटच सुरू होते. बेसबॉलमध्ये बॉल टप्पा खाऊन येत नाही, पिचर (म्हणजे त्यांचा बॉलर) सरळ फेकते. अंतर 18.44 मीटर, म्हणजे आपल्या 20.12 मीटरच्या खेळपट्टीपेक्षा कमीच, अन् वेग ताशी 150 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बॉल हातातून सुटल्यावर बॅटरकडं अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ असते. बॅट गोल, त्यामुळं खालून लागला तं वर उडते अन् वरून लागला तं पायाशी आपटते.

आता आमच्या गिऱ्हाइकांच्या तीन नेहमीच्या चुका. पहिली, प्रत्येक बॉलवर बटन दाबणं. अरे बाबा, गुडघ्यापासून साधारण छातीच्या खालपर्यंत अन् प्लेटच्या (बॅटरजवळ जमिनीवर असलेल्या पांढऱ्या पाटीच्या) रुंदीइतका जो चौकोन असते ना, त्याच्या बाहेरचा बॉल सोडून द्यायचा, असे चार बाहेरचे सोडले की फुकटात पहिल्या बेसवर (रनसाठी चक्कर मारताना लागणाऱ्या पहिल्या ठिकाणावर) जायला मिळते, याला वॉक म्हणतात, अन् आपले पोट्टे वाइडच्या मागं बॅट फिरवत तीन स्ट्राइकमध्ये (तीनदा हुकून) आउट होतात. दुसरी चूक, सूर्यकुमारसारखं मागं मारायला पाहणं. मागं गेला की फाउल, कितीही लांब गेला तरी रन नाही, दोन रेषांच्या मधातच मारावं लागते. तिसरी चूक म्हणजे रन निघून नाही राहिले म्हणून वैतागणं. इथं 9 इनिंगमध्ये 4-5 रन झाले तरी चांगला स्कोर आहे! टी-ट्वेंटीचा हिशोब लावू नका. एका इनिंगला तीन आउट, मग बॅटिंग दुसऱ्याची.

एवढं डोक्यात बसलं की दोन्ही गेम सोप्या वाटायला लागतात, नाही बसलं तं दोन्ही बकवास वाटतील.

एमएलबी द शो

ही सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओची, 2006 पासून दर वर्षी नवीन येते. आधी फक्त प्लेस्टेशनवरच होती, 2021 ला पहिल्यांदा एक्सबॉक्सवर आली, 2022 ला स्विचवर. कॉम्प्युटरवर नाही, त्यामुळं "लॅपटॉपवर टाकून द्या ना" म्हणू नका, टाकताच येत नाही.

हिच्यात सगळं खरं आहे. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या (तेच एमएलबी) 30 च्या 30 टीम, खरी मैदानं, खरे प्लेयर, कोणी बॅट कशी धरते, कोण थुंकते, कोण ग्लोव्ह खाजवते, तेही. टीव्हीवर मॅच लागली असं वाटून बाबा चहा घेऊन शेजारी येऊन बसतात अन् पंधरा मिनिटांनी विचारतात, "हे काय चालू आहे बे?"

बॅटिंगला डाव्या स्टिकनं एक छोटं निशाण बॉलवर न्यायचं अन् त्याच वेळी टायमिंगही साधायचं. फुली म्हणजे साधा स्विंग, चौकोन म्हणजे जोरात, गोल म्हणजे नुसता बॅट लावणं. नवीन माणसाला हे दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन 'टायमिंग' करून टाका, मग निशाणाची कटकट जाते, फक्त वेळेवर बटन दाबायचं. पिचिंगमध्येही तसंच, 'पिनपॉइंट' नावाचा प्रकार आहे त्यात उजव्या स्टिकनं हवेत आकृती काढावी लागते, भारी वाटते पण पहिल्या दिवशी हात दुखतात, त्यापेक्षा 'मीटर' ठेवा. अन् डिफिकल्टी 'डायनॅमिक' ठेवा, तुम्ही खेळाल तशी ती स्वतःच वर-खाली होते. आम्ही कन्सोल देताना हे करूनच देतो पण कोणीतरी मधात रिसेट मारते.

आमच्या मते हिच्यातली सगळ्यात बेस्ट गोष्ट मॅच नाही, 'रोड टू द शो' आहे. आपला स्वतःचा एक प्लेयर बनवायचा, नाव ठेवायचं, खालच्या लीगपासून सुरू करायचं अन् वर चढत जायचं. फक्त त्याची बॅटिंग, त्याचीच फिल्डिंग खेळायची, बाकी मॅच गेम स्वतः पळवते. पोट्टे तिथं गायबच होतात.

अन् एक गोष्ट खास सांगायची आहे. 2023 च्या एडिशनपासून 'स्टोरीलाइन्स' म्हणून एक भाग आला, निग्रो लीगवर. काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये घेत नव्हते तेव्हा त्यांनी आपली वेगळी लीग चालवली, 1947 ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा कुठं ते दार उघडलं. गेममध्ये तुम्ही सॅचेल पेज होऊन बॉल टाकता, बक ओनील होऊन खेळता, अन् मधात कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग म्युझियमचे प्रेसिडेंट बॉब केन्ड्रिक स्वतः गोष्ट सांगतात, अन् माणूस सांगते इतकं मस्त की रिमोट खाली ठेवून ऐकत बसावं. इंग्लिशमध्ये आहे, पण समजते. दीक्षाभूमीच्या गावातल्या लोकांना या गोष्टीत काय आहे ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एका काकांनी पोरासाठी नेलेला कन्सोल याच्यासाठी दोन दिवस जास्त ठेवला, भाडं न बोलता दिलं.

आता सांभाळायचं काय ते. 'डायमंड डायनॅस्टी' नावाचा मोड आहे, त्यात प्लेयरचे पत्ते जमवून टीम बनवायची, पत्त्यांची पाकिटं 'स्टब्ज' देऊन घ्यायची, अन् हे स्टब्ज खेळूनही मिळतात अन् खऱ्या पैशांनीही विकत मिळतात. आमच्या अकाउंटला कुठलंच कार्ड जोडलेलं नाही, पण तुम्ही तुमचं अकाउंट लावलं तं मग पासवर्ड पोट्ट्याला देऊ नका, बस.

सुपर मेगा बेसबॉल 4

नाव पाहून वाटते लहान पोरांची आहे, चित्रंही तशीच, मोठी डोकी, जाड मिशा, दंड भोपळ्याएवढे. मेटलहेड नावाचा कॅनडातल्या व्हिक्टोरिया गावचा छोटा स्टुडिओ, पहिली गेम 2014 ला काढली, 2021 ला ईए या मोठ्या गेम कंपनीनं तो स्टुडिओ घेतला अन् ही चौथी 2 जून 2023 ला आली. पीएसफोर, पीएसफाइव्ह, एक्सबॉक्स, स्विच अन् हो, कॉम्प्युटरवरही चालते.

खऱ्या टीम नाहीत. सरलॉइन्स, बीवुल्व्ज, वाइल्ड पिग्ज असल्या टीम, एका प्लेयरचं नाव तं हॅमर लाँगबॅलो. बाई-माणूस एकाच टीममध्ये खेळतात अन् पोरींना हे लगेच आवडते. चौथ्या भागात रिटायर झालेले 200 च्या वर खरे प्लेयरही टाकले आहेत, डेव्हिड ऑर्टिझ तं कव्हरवरच आहे. पण ज्याला आजचा ओहतानी पाहिजे त्याला इथं मिळणार नाही, सरळ सांगतो, मागाहून भांडू नका.

वरून कार्टून असली तरी आतला बेसबॉल मात्र एकदम पक्का आहे. प्लेयर थकते, टेन्शनमध्ये येते, फॉर्मात येते. फ्रँचाइझ मोडमध्ये (एकच टीम सीझनमागून सीझन चालवायची) म्हातारं होऊन रिटायरही होते, अन् चार सीझन सांभाळलेला बॅटर गेला की खरंच वाईट वाटते.

हिची जान म्हणजे 'इगो'. डिफिकल्टी सोपी-मध्यम-कठीण अशी नाही, 0 ते 99 असा आकडा असते, कमी ठेवला तं गेम निशाण लावायला मदत करते, जसा वाढवाल तशी मदत कमी कमी होत जाते. अन् दोन खेळणारे आपापला वेगळा इगो ठेवू शकतात. म्हणजे कॉलेजचा दादा 60 वर, त्याची चौथीतली बहीण 10 वर, अन् मॅच बरोबरीची! द शो मध्ये हीच जोडी बसवली तं दुसऱ्या इनिंगला बहीण रडते अन् आई टीव्ही बंद करते, फोन मग आम्हाला येते. दोघांना एकमेकाविरुद्ध नसेल खेळायचं तं एकाच टीमकडून मिळूनही खेळता येते.

इनिंग कमी करून घ्या, पाहुणे आले असतील तं 3 इनिंगची मॅच ठेवा, तर्री-पोहे संपायच्या आत निकाल लागते.

तरी डोक्यात गोंधळ असेल तं

पीएसफोर नेऊन राहिले असाल तं लक्षात ठेवा, द शो ची 24 (म्हणजे 2024 ची) ही त्याच्यावर चालणारी शेवटची एडिशन, 25 पासून पीएसफोर अन् एक्सबॉक्स वन दोन्ही सोडून दिले त्यांनी. "25 काहून नाही लावून दिली" हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. जुनी एडिशन स्वस्तात विकत घेणार असाल तं तिचं ऑनलाइन काही वर्षांनी बंद होते हेही धरून चला, एकट्यानं खेळायचं चालू राहते. सुपर मेगा दर वर्षी नवीन येत नाही, एकदा घेतली की चालली.

मे महिन्यातली खास सूचना. 45 डिग्रीत कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका, तो कूलरसमोरही ठेवू नका, कूलरचं पाणी उडते. उघड्यावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. लाइट गेली अन् घरी इन्व्हर्टर नसेल तं गेम मधातच जाईल, म्हणून फ्रँचाइझमध्ये दर मॅचनंतर सेव्ह झालं का ते पाहून घ्या.

दोन्ही गेमचं भाडं सारखंच आहे. अन् पहिल्या चोवीस तासांत एकदा फुकटात बदलून देतो, दुसऱ्यांदा मात्र चार्ज लागेल. रिमोट येताना दोन्ही आणा, एकच आणला तं डिपॉझिटमधून कापतो, अन् चार्जिंगची वायर पलंगाखाली पाहून घ्या, नव्वद टक्के वेळा तिथंच असते.