फिल्टरलाही श्वास लागतो

पहाटे घरच्या टाकीतला दिवा लावण्याआधी मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, फिल्टर चालू आहे आणि पाणी काचेसारखं नितळ आहे. असं दिसलं की माणूस गोंधळतो. पण यात विसंगती काही नाही. फिल्टर ऑक्सिजन तयार करत नाही. उलट टाकीतल्या ऑक्सिजनचं ते एक मोठं गिऱ्हाईक आहे.

मुळात पाण्यात ऑक्सिजन असतोच थोडा. २८ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात फक्त ७.८ मिलिग्रॅम. २० अंशांना हा आकडा ९.१ असतो, ३२ अंशांना ७.३. खाऱ्या पाण्यात तो आणखी सुमारे पंचमांशाने कमी भरतो. पाणी तापलं की साठा घटतो आणि नेमकी त्याच वेळी माशांची गरज वाढते. आजारावर उपाय म्हणून हीटरचं तापमान वाढवताना हे विसरलं जातं.

आता फिल्टरचं गिऱ्हाईकपण पाहू. स्पंजवर, सिरॅमिकच्या नळ्यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे त्यांना सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १ ग्रॅम खाद्यात साधारण ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्माच अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरला असं धरलं, तरी तो निस्तरायला जवळजवळ १४५ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो. म्हणजे १८-१९ लिटर पाण्यातला सगळा साठा! यात माशांचा श्वास धरलेला नाही आणि तळाशी कुजणारं उरलेलं खाद्यही नाही. ‘पाणी खराब होतंय, फिल्टर मोठा घेऊ’ हा विचार म्हणूनच अर्धवट ठरतो. जिवाणूंना जागा वाढवून दिली आणि हवा वाढवली नाही, तर जागा नुसती पडून राहते.

हा खर्च भरून निघतो तो पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे. रेणूंच्या आपल्या चालीने पाण्यात पसरणं ही फार संथ गोष्ट आहे: अगदी निश्चल पाण्यात ऑक्सिजनला वरून १० सेंटिमीटर खाली पोचायला जवळजवळ महिना लागेल. खरी टाकी इतकी निश्चल कधीच नसते, पण मुद्दा तोच. वरचा अगदी पातळ थर पटकन ऑक्सिजनने भरतो आणि तिथेच थांबतो. तो थर खाली ओढून त्याच्या जागी तळचं पाणी वर आणणं, हेच हवा घालण्याचं खरं काम.

मग बुडबुड्यांचं काय? ‘बुडबुडे पाण्यात ऑक्सिजन सोडतात’ असं एक म्हणतो, तर ‘छे, ते फक्त पाणी ढवळतात’ असं दुसरा ठासून सांगतो. दोघांचंही अर्धंच खरं. ६० बाय ३० सेंटिमीटरची टाकी घ्या, पाणी ३५ सेंटिमीटर खोल. वरचा पृष्ठभाग झाला १८०० चौरस सेंटिमीटर. मिनिटाला २ लिटर हवा देणारा पंप आणि साधारण ३ मिलिमीटरचे बुडबुडे असतील, तर एक बुडबुडा दीडेक सेकंदात वर पोचतो. कोणत्याही क्षणी पाण्यात ५० मिलिलिटरच्या आसपास हवा असते आणि त्या सगळ्या बुडबुड्यांचं मिळून क्षेत्रफळ १००० चौरस सेंटिमीटर भरतं. हे काही नगण्य नाही. शिवाय वर जाताना ते तळचं पाणी सोबत ओढतात आणि पृष्ठभाग फोडतात, तो फायदा वेगळा. हवा तेवढीच ठेवून १ मिलिमीटरचे बुडबुडे केले तर क्षेत्रफळ तिपटीच्या वर जातं, पण अशा बारीक छिद्रांच्या एअर स्टोनला (नळीच्या टोकाला बसवायच्या सच्छिद्र दगडाला) पंपाचा दाब जास्त लागतो आणि तो लवकर तुंबतो. घरच्या टाकीला मध्यम स्टोन पुरतो.

फिल्टरच्या प्रकारानुसार गणित बदलतं. स्पंज फिल्टर हवेवरच चालतो: उभ्या नळीत बुडबुडे शिरले की आतला स्तंभ हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या जागी स्पंजमधून पाणी ओढलं जातं. त्यामुळे गाळणं आणि हवा दोन्ही कामं एकदम होतात, आणि मला विचाराल तर छोट्या टाकीसाठी याहून भरवशाचं काही नाही. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोन ते चार आठवड्यांनी पिळून घ्यावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. मागे टांगायच्या फिल्टरचा धबधबा चांगली हवा देतो, पण टाकी काठोकाठ भरली की पाणी आवाज न करता घसरतं आणि खळबळ थांबते. पातळी ओठाच्या दोनेक सेंटिमीटर खाली ठेवावी, थोडा खळखळाट सहन करावा.

कॅनिस्टर फिल्टरची गोष्ट वेगळी. तो पूर्ण बंद डबा आहे. आत हवा शिरतच नाही. जिवाणूंना मिळतो तो फक्त येणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन, आणि परत जाणारं पाणी आल्यापेक्षा गरीब असतं. म्हणून त्याचा स्प्रे बार (पाणी टाकीत परत सोडणारी छिद्रांची आडवी नळी) खोल बुडवून ठेवणं ही नेहमीची चूक. तो पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, छिद्रं किंचित वरच्या बाजूला वळवून बसवावा. दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात सतत थरथरताना दिसलं की जमलं. कोपऱ्यात तेलकट तवंग साचत असेल तर पाणी तिथे हलत नाहीये. तवंग कागदी रुमाल पसरून टिपून घ्यावा आणि बारची दिशा बदलावी.

एअर पंप शक्यतो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. खाली ठेवायचाच असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) हवाच, नाहीतर वीज गेल्यावर सायफन होऊन पाणी पंपात आणि पंपातून जमिनीवर येतं. व्हॉल्व्ह उलटा बसला तर बुडबुडेच येत नाहीत. फुंकून पाहावं, हवा स्टोनकडे जायला हवी. बुडबुडे मंदावले तर आधी स्टोन काढून नुसती नळी पाण्यात सोडावी. जोर परत आला तर दोष स्टोनचा. नाही आला तर पंपातला रबरी पडदा फाटलेला असण्याची शक्यता जास्त. तुंबलेला स्टोन महिनोन्‌महिने तसाच चालवला की उलट्या दाबाने हा पडदा फाटतो.

वनस्पतींवर सगळं सोपवू नये. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ घालून टाकी टिकवता येते हे दाखवलं होतं. पण वनस्पती ऑक्सिजन देतात उजेडात. रात्री त्याही श्वासच घेतात. म्हणूनच पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड मुद्दाम सोडत असाल तर दिवसा खळबळ बेताची ठेवा आणि रात्री गॅस बंद करून एअर पंप लावा.

कार्बन डायऑक्साइड सोडत नसाल, तर एक सोपी चाचणी आहे. टाकीतलं ग्लासभर पाणी काढून त्याचा पीएच मोजा, त्यात २४ तास एअर स्टोन सोडून पुन्हा मोजा. पीएच ठळकपणे वाढला, तर टाकीत पाणी आम्ल करणारा कार्बन डायऑक्साइड कोंडलेला आहे. जो वायू बाहेर पडू शकत नाही, त्याच दारातून ऑक्सिजनही पुरेसा आत येत नसतो. बंद झाकणाखाली असं हमखास होतं. मात्र वर येणारा प्रत्येक मासा गुदमरलेला नसतो. बेटा आणि गुरामी हवेतूनही श्वास घेतात. उलट, खळबळ भरपूर असूनही बाकीचे मासे धापा टाकत असतील तर नायट्राइट तपासा. ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच मोडतं.

वीज गेली तर? वरच्याच टाकीत रेती-दगडांची जागा वजा जाता ५५ लिटर पाणी आणि एकूण १०० ग्रॅम वजनाचे मासे धरले, तर ते तासाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन वापरतात. पातळी लिटरमागे ७ वरून ३ मिलिग्रॅमवर यायला ढोबळमानाने सात तास. गाळ आणि जिवाणू धरले तर आणखी लवकर, आणि स्थिर पृष्ठभागातून जे झिरपतं तेवढीच सवलत. झाकण उघडावं, खाद्य बंद ठेवावं, बॅटरीचा पंप नसेल तर मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून अधूनमधून ओतत राहावं. कॅनिस्टरमध्ये मात्र परिस्थिती याहून झपाट्याने बिघडते, कारण थोड्या पाण्यात जिवाणूंची दाटी असते. काही तास बंद राहिलेला कॅनिस्टर वीज येताच आपोआप सुरू झाला, तर आतलं सडकं पाणी थेट माशांवर येतं. म्हणून वीज जाताच त्याचा प्लग काढावा. सुरू करण्याआधी डबा उघडून आतलं पाणी ओतून द्यावं, सिरॅमिक आणि स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळावेत, कुजक्या अंड्यासारखा वास पूर्ण गेला की मगच नळ्या जोडाव्यात. पुढचे तीन-चार दिवस खाद्य निम्मं ठेवून अमोनिया रोज मोजावा.