चराईवरील रेडेपालन (ठाणे जिल्हा)

पेंड, विकतचा चारा आणि पक्का गोठा यांवर कमीत कमी खर्च करून, जनावर रानच्या गवतावर वाढवायचे आणि मांसासाठी विकायचे, अशी पद्धत. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियात ती गोवंशावर चालते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने आणि बैल-वळूंच्या कत्तलीला 2015 पासून बंदी आहे. त्यामुळे मुरबाड-शहापुरात हा हिशेब मांडायचा तर तो रेड्यांचाच. पॉवर टिलर आल्यापासून भातखाचरातल्या चिखलणीला रेडा फारसा लागत नाही, आणि तबेलेवाल्याच्या लेखी रेडकू म्हणजे दुधातला वाटेकरी.

सारे गणित गवताच्या वेळापत्रकावर बसते. इथला 2,000 मिमीहून जास्त पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. जूनमध्ये फुटलेले वरकसावरचे (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरचे) गवत पावसाच्या अखेरीस फुलोऱ्यावर येते आणि दिवाळीनंतर त्याची नुसती काडी उरते. चाऱ्यातली प्रथिने साधारण 7 टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या कप्प्यातले) चारा पचवणारे जिवाणू मंदावतात. जनावर पोटभर खाऊनही खंगते. गवत फुलोऱ्यातच कापून वाळवावे हे कागदावर ठीक, पण त्याच दिवसांत भाताची कापणी असते आणि परतीचा पाऊस डोक्यावर. मजूर भात सोडून गवताला येणार नाही.

250 किलोच्या रेड्याला दिवसाला सुमारे 6 किलो सुका चारा लागतो. कोरडे आठ महिने तो दावणीला पोसायचा तर दीड टन झाला. म्हणून उन्हाळ्यात रोडावलेली रेडकी पावसाच्या तोंडावर घ्यावीत, हे शहाणपणाचे: उपाशी वाढलेले जनावर नव्या गवतावर झपाट्याने भरते. कार्तिकात वजन चढलेले असतानाच विकावे. सौदा उक्ता न करता काट्यावर करावा, नाहीतर चार महिन्यांची कमाई दलालाच्या नजरेत जिरते.

ठाण्यात आणखी एक पेच आहे, आणि तोच बहुधा कोणी मोजत नाही. इथे गवत स्वतःच नगदी माल आहे. वखारीत गाठी बांधून ते तबेल्यांना जाते. तेव्हा रेड्याने गाठींपेक्षा जास्त पैसे दिले पाहिजेत. टेम्पो पोचतो त्या माळावर ते अवघड. चढावरच्या, भारे वाहून आणणे परवडत नाही अशा वरकसावर मात्र जनावर आपल्या पायांनी गवत बाजारात नेते. फ्रान्सचा चराईचा अभ्यासक आंद्रे व्वाझँ याने विसाव्या शतकाच्या मध्यावर गवताला चराईनंतर पुरेशी विश्रांती देण्यावर भर दिला. इथे तारेच्या कुंपणाऐवजी ते काम गुराखी करतो, रोज रान बदलून. ऐन पावसात उतारावर मात्र जनावरे फार वेळ एका जागी ठेवू नयेत. खुरांनी माती सुटते.

खर्च वाचवायचा म्हणून घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांवरच्या पावसाळ्यापूर्वीच्या लसी टाळणे महागात पडते. खाचरांतल्या गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींचाही त्रास होतो, म्हणून साचल्या पाण्याकाठी चराई नको. फेब्रुवारी-मार्चमधला वणवा मात्र राखून ठेवलेले उभे गवत एका दुपारी नेतो; त्यासाठी हिवाळ्यातच जाळरेषा (आग अडवणारे गवत काढलेले पट्टे) काढाव्या लागतात.