‘कोकणातला नेव्हीत, घाटावरचा आर्मीत’ हे खरं नाही

परळ-लालबागच्या चाळींत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. भरतीची तयारी करणारी मुलं अजूनही त्यावर विसंबतात, म्हणून हा खुलासा.

समज आला कुठून? दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्रजांच्या नौदलात खलाशी भरताना रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांना पसंती होती. युद्धात नौदल झपाट्याने वाढलं आणि भरती देशभरातून होऊ लागली. १९४६ साली मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरून उठाव पेटला, तेव्हा त्यात साऱ्या हिंदुस्थानातले खलाशी होते. म्हण मात्र मागेच राहिली.

आणि कोकण लष्करात नव्हतं असं कोण म्हणतं? १९४४ साली इटलीत लढताना धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा पलटणीचे यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले, म्हणजे आजच्या रायगडचे. लष्करप्रमुख झालेले जनरल अरुणकुमार वैद्य जन्माने अलिबागचे. उलट नौदलाचे अभियंते घडवणारं ‘आयएनएस शिवाजी’ आहे घाटमाथ्यावर, लोणावळ्याला!

प्रदेशाचा परिणाम होतोच, पण तो समुद्र जवळ असल्याचा नाही. लष्कराच्या जागा राज्याच्या भरतीयोग्य पुरुष लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. शिवाय गावात निवृत्त सुभेदार असला की पोरं पहाटे धावायला लागतात. नौदलाच्या एसएसआर (बारावीच्या पात्रतेवर खलाशी घेणाऱ्या) भरतीला बारावीतून जायचं तर गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. कोळीवाड्यात वाढलेल्या, उत्तम पोहणाऱ्या मुलालाही हे दोन विषय नसतील, तर बारावीच्या बळावर तिथे अर्जच करता येत नाही.